जर्सी कुणाच्या मापाची?

५ मार्च २०२३ च्या संध्याकाळी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यूपी वॉरियर्सची एक फलंदाज गुजरात जायंट्सच्या गोलंदाजांना झोडपून काढत होती. महिला प्रीमियर लीगचा तो दुसराच दिवस. तिनं ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या, संघही जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिची बॅट. कॅमेऱ्यानं ती जवळून टिपली तेव्हा कंपनीचं स्टिकर असायला हवं तिथं हातानं लिहिलेलं दिसलं : ‘एमएसडी ०७’. बॅटला प्रायोजक नव्हता. मोकळ्या जागेवर तिनं आपल्या लाडक्या धोनीचं नाव आणि नंबर लिहून टाकला होता. ही किरण नवगिरे. गाव मिरे, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर.

भारताकडून खेळलेली बाईसुद्धा चाहती असतेच, आणि चाहत्याला आपलं माणूस कुठंतरी मिरवायचं असतं. बॅटवर, दुचाकीच्या नंबरप्लेटवर, नाहीतर सरळ अंगावर. आता अकलूजच्या एखाद्या मुलीला नवगिरेची जर्सी घालावीशी वाटली, तर तिनं काय करायचं? नवगिरेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटीमधलं ते जगातलं सर्वांत वेगवान शतक. तरी तिच्या नावाची जर्सी दुकानात टांगलेली सापडणं कठीणच. ते नाव पाठीवर छापून घेता येईल. खरी पंचाईत त्याच्या आधीच होते, अंगात घालून बघताना.

सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात जा किंवा मैदानाबाहेर जर्सी विकणाऱ्याकडे जा, निळ्या जर्सीची थप्पी पुढ्यात येते आणि मापं सांगितली जातात ती पुरुषांच्या छातीची : अडतीस, चाळीस, बेचाळीस. ‘लेडीजमध्ये आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘युनिसेक्सच येतो, घ्या.’ अंगानं बारीक असेल तर मुलाच्या मापाचा चौतीस काढून दिला जातो. तो खांद्याला बरा बसतो, पण दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी बेतलेला असल्यामुळे हात वर केला की पोट उघडं पडतं. आणि मॅच बघायला गेलेल्या माणसाचे हात वर जाणारच.

चाहतीचं राहू द्या, खेळणारीची गतही बरी नव्हती. १९७३ साली पुण्यात महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे आला. म्हणजे देशातली सर्वांत श्रीमंत क्रीडासंस्था पाठीशी आली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोर्डावर प्रशासक समिती नेमली. माजी महालेखापरीक्षक विनोद राय तिचे अध्यक्ष होते, माजी कर्णधार डायना एदलजी सदस्य. राय यांनी पुढं २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की पुरुष खेळाडूंचे गणवेश कापून, पुन्हा शिवून महिला खेळाडूंना दिले जात असल्याचं कळलं तेव्हा त्यांना धक्का बसला. गणवेश पुरवणाऱ्या नायकी कंपनीला त्यांना फोन करून बजावावं लागलं, की हे चालणार नाही, मुलींचं डिझाइन वेगळं हवं. मिताली राज आणि झुलन गोस्वामी तोवर दशकाहून अधिक काळ देशासाठी खेळत होत्या.

थोरल्या भावाचा शर्ट आटवून धाकटीला देण्याची रीत घरोघर आहे. बोर्डाला ती शोभत नव्हती, इतकंच.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत उलटी तऱ्हा झाली. तिथं बायकांसाठी वेगळा गणवेश शिवला, आणि तो शिवताना खेळ विसरला गेला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले तेव्हा शिकागो कब्ज संघाचे मालक, च्युइंगगमवाले फिलिप रिग्ली यांनी १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग काढली. ती १९५४ पर्यंत चालली, सहाशेच्या वर मुली तीत खेळल्या. गणवेश म्हणजे एकसंध घेरदार झगा, गुडघ्याच्या वर संपणारा, आत सॅटिनची चड्डी, खाली लांब मोजे. टेनिस आणि आइस स्केटिंगच्या पोशाखावरून तो बेतला होता. प्रेक्षकांना मुली नाजूक दिसाव्यात हा हेतू उघड होता. बेसबॉलमध्ये मात्र बेस गाठायला मातीवरून घसरत जावं लागतं. उघड्या मांड्या सोलवटून निघत. जखमेवर पट्टी बांधून मुली पुन्हा त्याच झग्यात उतरत. १९९२ मध्ये या लीगवर चित्रपट निघाला, तोवर जग तिला जवळपास विसरलं होतं.

प्रेक्षक बायकांसाठी तिथल्या कपडेवाल्यांनी नंतर सोपा तोडगा काढला : पुरुषांचाच टी-शर्ट लहान करा आणि गुलाबी रंगवा. संघाचा रंग निळा असो, लाल असो वा हिरवा, बाईसाठी गुलाबी. बोस्टन रेड सॉक्सनं २००४ मध्ये ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवल्यावर फेनवे पार्कात नव्या चाहत्यांची रीघ लागली, तेव्हा ‘गुलाबी टोपीवाले’ हे तिथं चक्क हिणवायचं विशेषण झालं. खेळातलं काही कळत नाही, मिरवायला आलेत, असा त्याचा रोख. दुकानदारानं बाईला गुलाबी टोपी विकायची आणि शेजारच्या खुर्चीतल्यानं त्याच टोपीवरून तिची अक्कल काढायची, असा हा प्रकार होता.

लॉस एंजेलिस डॉजर्सची कट्टर चाहती असलेली अभिनेत्री अलिसा मिलानो हिनं २००७ मध्ये मेजर लीग बेसबॉलच्या परवान्यानं बायकांसाठी ‘टच’ नावाची कपड्यांची मालिका काढली. कारण साधं होतं. मैदानावरच्या दुकानात तिच्या पसंतीचं, तिच्या मापाचं काही मिळत नव्हतं. नटीनं कपड्यांना नाव देणं यात नवल नाही. नवल हे, की शंभर वर्षांहून जुन्या, घरातल्या बायकापोरींसह बघितल्या जाणाऱ्या खेळात २००७ सालापर्यंत ही जागा रिकामी होती.

बेसबॉलची एक वस्तू मात्र बायकांनी कुणाला न विचारता आपलीशी केली. सोलापूरकरांनी ती सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या स्टॉलवर हमखास पाहिली असेल : ‘एन’ आणि ‘वाय’ ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली टोपी. न्यूयॉर्क यँकीज या संघाचं ते चिन्ह. १९९६ मध्ये दिग्दर्शक स्पाइक ली यानं आपल्या लाल जाकिटाला साजेशी लाल यँकीज टोपी मागवून घेतली, आणि संघाच्या निळ्या रंगाबाहेर पडलेली ती टोपी फॅशन म्हणून जगभर गेली. आज ती घालणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना यँकीज म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि त्यावाचून काही अडतही नाही. ती चालली याचं अर्धं श्रेय मागच्या पट्टीला द्यायला हवं. पट्टी सरकवली की टोपी कुणाच्याही डोक्याला बसते, आणि फटीतून वेणी किंवा पोनी बाहेर काढता येते.

मापाला जुळवून घेणारं वस्त्र सोलापूरला नवं नाही. गड्ड्यातच नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. बंद सैल सोडले की रुंद छातीला पुरते, आवळले की सडपातळ अंगाला. पाहायला गेलं तर तोही एका मोठ्या संघाचा गणवेशच.

जर्सीला बंद नसतात. ती डोक्यातून घालायची पिशवी असते, आणि पिशवीचा आकार कारखान्यातल्या लांब टेबलावर ठरतो. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले असतात, वर जाड कागदाचे पॅटर्न मांडलेले असतात. कटिंग मास्टर खडूनं रेघा मारतो आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र त्या रेघांवरून फिरवतो. पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, गळपट्टी. एका फेरीत शेकडो जर्सींचे तुकडे पडतात. मूळ पॅटर्न एका मापाचा बनवतात आणि त्याला चारी बाजूंनी ठरावीक अंतरानं वाढवत-घटवत पुढची-मागची मापं काढतात. सगळी मेख त्या मूळ पॅटर्नमध्ये आहे. तो पुरुषाचा असेल तर सर्वांत लहान मापही लहान पुरुषाचंच निघतं.

आकडे घेऊन बघितलं की हे लगेच कळतं. पुरुषांच्या ‘एम’ जर्सीची छाती साधारण चाळीस इंच आणि शोल्डर सतरा-साडेसतरा. छत्तीस छातीच्या बाईचा शोल्डर असतो चौदा-साडेचौदा. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड खांद्यावरून खाली ओघळतं, अर्धी बाही कोपरापर्यंत येते, आणि बाहीचा जोड दंडावर बसल्यामुळे हात वर केला की अख्खी जर्सी वर खेचली जाते. गळाही रुंद पडतो. मग ‘एस’ घ्यावा, तर त्याचा खालचा घेर अडतीसच्या आसपास. बाईची सीट, म्हणजे नितंबांचा घेर, चाळीस असेल तर जर्सी तिथं अडकते, गोळा होते आणि दर पाच मिनिटांनी खाली ओढावी लागते. खांद्याला पाहावं तर सीटला लहान, सीटला पाहावं तर खांद्याला मोठी. दुकानातल्या आरशासमोर बायका ‘माझंच अंग बेढब’ म्हणत जर्सी परत ठेवतात. अंगाचा त्यात काही दोष नसतो. पुरुषाच्या पॅटर्नमध्ये छाती आणि सीट जवळपास सारखी धरलेली असते, एवढंच.

त्यात भारतीय अंगाचं म्हणून असं प्रमाणित मापच आपल्याकडे नव्हतं. तयार कपड्यांवरची मापं अमेरिका-युरोपच्या तक्त्यांवरून आलेली. म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेनं २०१८ मध्ये ‘इंडियासाइज’ प्रकल्प जाहीर केला : सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरनं मापं घ्यायची आणि देशाचा स्वतःचा तक्ता बनवायचा. तो दुकानातल्या लेबलापर्यंत पोचला की एका कंपनीचा ‘एल’ आणि दुसऱ्या कंपनीचा ‘एल’ यांत जमीनअस्मानाचा फरक राहणार नाही, अशी अपेक्षा आहे.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. हिशेब आडवा येतो. एका डिझाइनची सहा मापं ठेवायची तर सहा ढीग. बायकांसाठी वेगळा पॅटर्न केला की बारा. त्यातले कोणते खपतील याचा अंदाज चुकला की माल पडून राहतो, आणि जर्सीचा माल मोसम संपला, प्रायोजक बदलला की रद्दीच्या भावात जातो. भारतीय संघाच्या छातीवरची नावं गेल्या काही वर्षांत किती वेळा बदलली ते आठवा. जून २०२३ मध्ये आदिदासनं संघाच्या नव्या जर्सी आणल्या तेव्हा सामन्यातल्या प्रतीची जर्सी पाच हजारांच्या घरात होती, साध्या चाहत्यासाठीची हजाराच्या आत. स्वस्त प्रकारात नफा चिमूटभर, म्हणून जोखीम नको; मग तिथं युनिसेक्सच. मापाची चैन महागड्या प्रकारात. आता दुसरी बाजू बघा : २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं १०० रुपयांपासून होती. शंभराचं तिकीट काढून येणारी बाई पाच हजारांची जर्सी घेत नाही.

इथं सोलापूरची गोष्ट सांगितली पाहिजे. या शहरात १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती गिरणी उभारली, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या, पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या मागांवर चादर आणि टॉवेल निघू लागले. गिरण्या एकेक करत बंद पडल्या. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी यंत्रमागांची घरघर थांबली नाही. पण त्याच शहरात गणवेशाचा धंदा वाढत गेला. २०१७ पासून इथल्या रेडिमेड कापड उत्पादकांच्या संघानं गणवेशाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. शाळांचे, हॉस्पिटलांचे, हॉटेलांचे गणवेश शिवणारं शहर म्हणून सोलापूरचं नाव देशभर झालं.

आणि गणवेशात मुलीला ‘युनिसेक्स घ्या’ म्हणता येत नाही. शाळेत निम्म्या मुली असतात आणि त्या दहा महिने, रोज, तोच कपडा घालणार असतात. पिनाफोरचा पॅटर्न वेगळा, स्कर्टचा वेगळा. आठवी-नववीनंतर कुर्ता-सलवार आणि ओढणीऐवजी जाकीट, त्याचा आणखी वेगळा. कुर्त्याला बाजूला चिरा, कारण सीटला जागा लागते. शिलाईच्या आत दीड-दोन बोटं जास्तीचं कापड, कारण पोरगी वाढते. खिसा हवाच, हे पालक भांडून सांगतात. दुकानात ज्या सोयी चाहतीला मिळत नाहीत त्यांतली जवळजवळ प्रत्येक सोय सोलापूरचा गणवेशवाला पहिलीतल्या मुलीला मुकाट देतो. तेव्हा बाईच्या अंगाला बसणारा संघाचा कपडा शिवणं अवघड आहे, ही सबब निदान या शहरात तरी खपू नये.

अडचण एकच. शाळेचा शर्ट विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाचा, तर जर्सी होजिअरीची. तिचं कापड तिरुपूर, लुधियानाकडून येतं आणि तिला ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक अशी वेगळी मशिनं लागतात. पण तीही आता गावात आहेत, कारण सोलापूर मंडळांचं गाव आहे. गणेशोत्सवातली लेझीम पथकं, शिवजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, गल्लोगल्लीच्या टेनिस बॉल स्पर्धा. प्रत्येक ठिकाणी एकसारखे टी-शर्ट लागतात. चार-पाच दिवसांत वीस-पंचवीस नग छापून, शिवून देणारे लोक इथं आहेत. चाहतीनं ब्रँडच्या दुकानापेक्षा यांचं दार आधी ठोठावावं.

तिथं गेल्यावर कापडाचं नाव माहीत असलं की बरं पडतं. सोलापूरचा मे महिना ४४ अंशांच्या आसपास खेळतो आणि आयपीएलचा मोसम नेमका मार्च ते मे. सुती टी-शर्ट थंड असतो ही समजूत घाम येईपर्यंत खरी. कापूस नेहमीच्या हवेत वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल धरून असतो आणि घाम आला की त्याहून कितीतरी पट पितो, धरून ठेवतो. टॉवेलला हाच गुण हवा असतो; टेरी टॉवेलवर धाग्यांचे फासे मुद्दाम उभे सोडतात ते पाणी प्यायला जास्त जागा मिळावी म्हणून. तीन तास खुर्चीत बसायच्या कपड्याला तो गुण नडतो. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का ओल धरतं. जाळीदार, बारीक विणीच्या पॉलिस्टरमध्ये घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्यानं वाळतो. ‘ड्राय-फिट’ म्हणतात ते हेच. वीण घट्ट आणि कापड जाड असेल तर तेच पॉलिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं अंगाला चिकटतं. म्हणून घेताना कापड उजेडासमोर धरून बारीक भोकं दिसतात का पाहावं आणि तोंडाजवळ धरून आरपार फुंकर जाते का बघावं.

अगदी पातळही नको. पांढरी, पिवळी जर्सी घामानं ओली झाली की आतलं दिसतं. ही तक्रार बायकांपुरती नाही : २०२४ च्या मोसमाआधी अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंच्या नव्या पँट इतक्या पारदर्शक निघाल्या, की आत खोचलेल्या शर्टाची टोकं बाहेरून दिसत होती आणि खेळाडूंच्या संघटनेला तक्रार करावी लागली.

छपाईचे दोन प्रकार समजून घ्यावेत. सब्लिमेशनमध्ये डिझाइन आधी कागदावर छापतात आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली तो कागद कापडावर मिनिटभर दाबतात. शाईची थेट वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, त्यामुळे रंगाचा थर हाताला लागत नाही, तडकत नाही, भोकं बुजवत नाही. सुती कापडावर हे जमत नाही. दुसरा प्रकार वर चिकटवलेल्या नाव-नंबराचा. तो स्वस्त आणि तासाभरात होणारा, पण पाठीवर रबराचं ठिगळ बसतं. तिथून हवा जात नाही, आणि इस्त्री फिरली की नंबर इस्त्रीला येतो. एकाच जर्सीवर ‘नवगिरे’ हवं असेल तर दुसरा प्रकार चालून जाईल. दहाजणींना हवं असेल तर पहिलाच बरा.

तयार जर्सीच घ्यायची झाली तर सीटला बसेल ती घ्यावी आणि टेलरकडे न्यावी. शोल्डरला हात लावू देऊ नये. तिथं पट्टे असतात, बाही उसवून आत घेतली की पट्टे तुटतात आणि शिलाई महाग पडते. बाजूच्या शिलाया काखेपासून कमरेपर्यंत प्रत्येकी पाऊण-एक इंच दाबून घ्याव्यात, त्याहून जास्त घेतलं तर पाठीवरचा नंबर बगलेत शिरतो. कमरेच्या खाली शिलाई मोकळी सोडून दोन्हीकडे तीन-चार इंचांच्या चिरा काढाव्यात. हे काम ओव्हरलॉकवरच करून घ्यावं, साध्या टाक्यानं मारलं की कापड ताणताच दोरा तटकन तुटतो. मशिनला बोथट टोकाची, होजिअरीची सुई लावायला सांगावी. नेहमीच्या अणकुचीदार सुईनं जाळीत भोकं पडून ती उसवत जातात.

‘लेडीज फिट’ असं लेबल दिसलं म्हणून हुरळून जाण्यात मात्र अर्थ नाही. बरेचदा ते माप एका विशिष्ट अंगासाठी बेतलेलं असतं : कंबरेत घट्ट, उंचीला आखूड, बाही खांद्यावर टेकते न टेकते, गळा खोल. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, दिवस काढायचा, कडेवर पोर घेऊन मॅच बघायची आणि रात्री परत निघायचं, अशा बाईच्या ते उपयोगाचं नाही. जीन्सवर घालणारीला पंचवीस-सव्वीस इंच उंची पुरते. लेगिंग किंवा सलवारीवर घालणारीला तीस तरी हवी. कित्येकजणींना पुरुषांच्या जर्सीची लांबीच आवडते, खांदा तेवढा नको असतो. एकीला अंगासरशी हवी, दुसरीला ऐसपैस. बायकांचं माप म्हणजे एकच काहीतरी असतं, ही समजूत गुलाबी टोपीचीच बहीण आहे.

जिला डोक्यातून घालायचा कपडाच नको, तिनं बेसबॉलची जर्सी आठवावी. ती पुढून पूर्ण उघडी असते, वरपासून खालपर्यंत बटणं. कुर्तीवर जाकिटासारखी चढवता येते, खालची दोन बटणं सोडली की सीटचा प्रश्न मिटतो, गरम झालं तर गर्दीत उभ्या उभ्या काढता येते, अंगावर पिणारं बाळ असेल तर सोय होते. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल मुली खेळतात, त्यामुळे हा कट शिवलेला टेलर शोधला तर सापडतो. काज-बटण तर गणवेशवाल्याच्या हातचा मळ.

खिशाचा विचार घरीच करावा. मोठ्या स्टेडियमांवर बॅग, पर्स, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत. मोबाइल, पैसे, परतीचं तिकीट, रिक्षाची चिल्लर हे सगळं अंगावरच ठेवावं लागतं, आणि लेगिंगला खिसा नसतो. जर्सीला खिसा लावू नये, फोनच्या वजनानं होजिअरी लोंबते. चेनचा खिसा असलेली ट्रॅकपँट किंवा सलवारीला आतून शिवलेला सुती खिसा बरा. आत स्पोर्ट्स ब्रा असेल तर उड्या मारताना त्रास होत नाही. तो शोधही बायकांनीच आपल्या गरजेतून लावला : १९७७ मध्ये अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंची दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिला नमुना केला होता.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव पाठीवर घेऊन फिरणारी मुलं-मुली दिसू लागली. मागणी आहे. ती छापणाऱ्यापर्यंत नीट पोचवणं मात्र मागणाऱ्यांच्या हातात आहे. भिशीतल्या, सोसायटीतल्या किंवा कॉलेजच्या दहा-पंधराजणींनी एकत्र ऑर्डर दिली तर वेगळा पॅटर्न काढायला कटिंग मास्टर कुरकुर करत नाही. व्हॉट्सअॅपवर नावापुढं नुसतं ‘एम’, ‘एल’ लिहून यादी पाठवली तर तो हाताशी असलेला पुरुषांचाच पॅटर्न काढणार. यादीत प्रत्येकीची पाच मापं इंचांत लिहावीत : शोल्डर, छाती, सीट, बाहीची लांबी, पूर्ण उंची. टेप धरायला कुणी नसेल तर अंगाला उत्तम बसणारा एखादा जुना टी-शर्ट सोबत द्यावा, तो पसरून मास्टर पाचही मापं काढतो. रक्कम देण्याआधी एक नमुना शिवून घ्यावा, तो गटातल्या सर्वांत सडपातळ आणि सर्वांत भरलेल्या अशा दोघींना घालायला लावावा, आणि दोघींना हात वर करून टाळ्या वाजवायला सांगावं. पोट उघडं पडलं तर उंची दीड इंच वाढवायची, सीटला अडकली तर चीर वाढवायची, मगच बाकीचं कापड कापू द्यायचं.